राजधानीची स्वच्छता : घाण जाते कोठे?

१९५५ सालच्या डिसेंबर महिन्यात दिल्ली शहरात काविळीची मोठी साथ उद्भवली. दोन महिन्यांच्या अवधीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तिचे कारण शोधणे फारसे कठीण गेले नाही. पावसाळ्यानंतर आलेला पूर ओसरताना यमुनेच्या पात्राने आपला प्रवाह बदलला, आणि नजफगढ नाल्यातून नदीत येणारे शहराचे मैलापाणी नोव्हेंबरमध्ये काही दिवस वझिराबाद येथील जलकेंद्राच्या मुखापर्यंत पोहोचले. ज्या नदीतून दिल्ली पाणी पीत होती, तिच्यातच ती आपला मैला सोडत होती. नेहमी हा मैला मुखाच्या खालच्या बाजूस वाहून जात असे, एवढाच काय तो आधार होता. प्रवाहाने थोडी दिशा बदलताच तो आधार नाहीसा झाला.

ह्या घटनेतील आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पाणी बिघडल्याचे जलकेंद्रातील कर्मचाऱ्यांच्या ध्यानात आले होते व त्यांनी क्लोरीनचे प्रमाण वाढविलेही होते. त्यामुळे विषमज्वरासारखे जीवाणुजन्य रोग पसरले नाहीत. परंतु काविळीचा विषाणू तेवढ्या क्लोरीनला दाद देईना. हा विषाणू नेहमीच्या ‘अ’ प्रकारचा नव्हता, हे पुढे पंचवीस वर्षांनी, साथीच्या वेळी जतन केलेल्या रक्तनमुन्यांच्या परीक्षणातून सिद्ध झाले. त्या कार्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचाही वाटा होता. आज त्या रोगास ‘ई’ प्रकारची कावीळ म्हणतात. तात्पर्य असे की, घाण एकदा पाण्यात मिसळू दिल्यावर मागाहून केलेला उपाय अपुरा पडला.

फाळणीनंतर निर्वासितांच्या आगमनाने फुगलेल्या राजधानीला नियोजनाची निकड आधीपासूनच होती. ह्या साथीने ती सर्वांच्या मनावर ठसविली. १९५७ साली दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि १९६२ साली शहराचा पहिला बृहत् आराखडा अमलात आला. तेव्हापासून आजपर्यंत राजधानी स्वच्छ करण्याच्या योजनांची मालिका अखंड चालू आहे. नदीसाठी योजना झाल्या, हवेसाठी झाल्या, कचऱ्यासाठी झाल्या. त्यांपैकी काही सफल झाल्या, पुष्कळशा अर्धवट राहिल्या. यशापयशाची कारणे शोधताना पैशाची टंचाई, अधिकाऱ्यांची दिरंगाई व नागरिकांची बेफिकिरी ही तीन नावे हटकून घेतली जातात. ती खोटी नाहीत. तथापि त्यांच्याही मुळाशी एक विचारातील चूक आहे, आणि ती सुधारल्यावाचून पैसा, तत्परता व शिस्त ही तिन्ही वाया जाण्याचा संभव आहे.

द्रव्याचा नियम

रसायनशास्त्राच्या पहिल्याच धड्यात विद्यार्थी शिकतो की, रासायनिक क्रियेत द्रव्य नाहीसे होत नाही. ते केवळ रूप पालटते. मेणबत्ती जळून संपली असे दिसते, पण तिचे मेण वाफ व कार्बन डायऑक्साइड होऊन खोलीतील हवेत मिसळलेले असते. हा नियम प्रयोगशाळेच्या दाराबाहेर पडल्यावर मात्र विसरला जातो. घर झाडल्यावर केर संपला असे गृहस्थास वाटते, केराची गाडी गेल्यावर गल्ली स्वच्छ झाली असे नगरसेवकास वाटते, आणि गाडी शहराच्या सीमेपलीकडे रिकामी झाली की शहर स्वच्छ झाले असे शासनास वाटते. प्रत्येकाची दृष्टी आपापल्या उंबऱ्यापाशी थांबते.

केर हलविण्यात काहीच लाभ नाही, असे कोणी म्हणणार नाही. दाट वस्तीतील उकिरडा माणसांपासून दूर नेला तर माश्या व रोग कमी होतात. परंतु घाण दूर करणे आणि घाण कमी करणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीस स्थलांतर म्हणावे, दुसरीसच स्वच्छता म्हणावे. दिल्लीच्या योजनांची परीक्षा ह्या कसोटीवर केली असता त्यांचे खरे मोल कळून येते.

हवा : एक यश व त्याची मर्यादा

विसाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीची हवा डिझेलच्या काळ्या धुराने कोंदली होती. १९८५ साली दाखल झालेल्या एका जनहितार्थ अर्जावर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला की, शहरातील सर्व बसगाड्या दाबाखाली साठविलेल्या नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर, चालविल्या जाव्यात. त्यासाठी ३१ मार्च २००१ ही मुदत ठरली होती. मुदत वाढत गेली, दंड बसविले गेले, वायूच्या केंद्रांपुढे रिक्षांच्या व बसगाड्यांच्या मैलमैल रांगा लागल्या. तरी २००२ साल संपण्यापूर्वी शेवटची डिझेल बस शहरातील रस्त्यांवरून हटली. त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी शाहदरा ते तीस हजारी हा मेट्रो रेल्वेचा सुमारे ८ किलोमीटरचा पहिला मार्ग सुरू झाला.

ही खरी स्वच्छता होती. नैसर्गिक वायू मुख्यत्वे मिथेन असल्यामुळे तो जळताना काजळी जवळजवळ होत नाही. डिझेलचा धूर येथून उचलून अन्यत्र नेला गेला नाही. तो मुळात निर्माणच झाला नाही. एवढ्या मोठ्या शहराची सार्वजनिक वाहतूक इतक्या अल्प काळात नव्या इंधनावर नेण्याची उदाहरणे जगात थोडी आहेत.

मग हवा पुन्हा का बिघडली? त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. एका गाडीचा धूर निम्मा झाला आणि गाड्यांची संख्या दुप्पट झाली, तर एकंदर धूर होता तेवढाच राहतो. दिल्लीत नोंदलेल्या वाहनांची संख्या शतकाच्या आरंभी ३५ लाखांच्या आसपास होती. २०१८ साली ती एक कोटीच्या पुढे गेली होती. बसगाड्यांचे इंधन बदलले, परंतु बसगाड्यांची संख्या लोकसंख्येच्या मानाने वाढली नाही, आणि प्रवासी आपापल्या दुचाकीकडे व मोटारीकडे वळला. जी योजना दर गाडीमागील धूर मोजते व गाड्या मोजत नाही, तिचे यश वाढीच्या पुरात वाहून जाते.

दुसरे उदाहरण वीजकेंद्रांचे. शहराच्या हद्दीत कोळसा जाळणारे बदरपूर वीजकेंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये कायमचे बंद करण्यात आले. ते जुने व धुरकट होते. त्याचे बंद होणे इष्टच होते. पण त्यामुळे शहराची विजेची गरज कमी झाली नाही. ती भागविणारा बराचसा कोळसा दादरी, झज्जर अशा शेजारच्या ठिकाणी जळत राहिला. कोळशातील गंधक जळून होणारा सल्फर डायऑक्साइड वायू उंच धुराड्यातून निघून वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो, वाटेत हवेतील अन्य द्रव्यांशी संयोग पावून त्याचे सूक्ष्म कण बनतात, आणि ते कण कोणत्याही राज्याची सीमा ओळखत नाहीत. हा वायू धुराड्यातच अडविण्याची यंत्रे बसवावीत असा नियम केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये केला व त्यास दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत वारंवार वाढविण्यात आली, आणि २०२५ साली देशातील बहुसंख्य केंद्रांना त्या यंत्रांतून सूट देण्यात आली. एका हाताने केलेले काम दुसऱ्या हाताने सैल करण्याचा हा प्रकार होय.

मनोऱ्याचा हिशेब

मुळाशी उपाय करणे अवघड वाटू लागले की, डोळ्यांना दिसणाऱ्या उपायांचा मोह पडतो. २३ ऑगस्ट २०२१ रोजी दिल्लीच्या कॅनॉट प्लेस भागात हवा शुद्ध करणाऱ्या एका उंच मनोऱ्याचे उद्‌घाटन झाले. त्याच्या उभारणीस वीस कोटींहून अधिक रुपये लागले. दर सेकंदाला १,००० घनमीटर हवा गाळून बाहेर सोडावी, अशी त्याची रचना होती. हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो. आता शहराच्या हवेचे माप घ्यावे.

दिल्लीचे क्षेत्रफळ १,४८३ चौरस किलोमीटर आहे. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली दबून राहते आणि धूर थोड्याच उंचीपर्यंत मिसळू शकतो. ही उंची केवळ ३०० मीटर धरली, तरी शहरावरील हवा सुमारे ४४,५०० कोटी घनमीटर भरते. ती एकदाच गाळावयाची म्हटले, आणि तोपर्यंत बाहेरून नवा धूर मुळीच येणार नाही असे मानले, तरी त्या एका मनोऱ्यास चौदा वर्षे लागतील. नववीतील विद्यार्थ्यास हा भागाकार करता येतो. योजना मंजूर करण्यापूर्वी तो केला गेला असता, तर तेवढ्या पैशात काही बसगाड्या विकत घेता आल्या असत्या.

मोजमापाच्या निवडीचाही असाच परिणाम होतो. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर झाला. निरनिराळ्या नगरांसाठी उद्दिष्टे ठरली व निधी मिळू लागला, ही त्यातील स्वागतार्ह गोष्ट. परंतु नगरांची प्रगती मुख्यत्वे १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांवरून मोजली गेली. ह्या कणांत रस्त्यावरील धुळीचा भाग मोठा असतो. साहजिकच निधीचा मोठा भाग रस्ते झाडणाऱ्या यंत्रांवर व पाण्याच्या फवाऱ्यांवर खर्च झाला. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाऊन रक्तात शिरणारे कण मात्र २.५ मायक्रोमीटरहून लहान, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक असतात. आणि ते बहुतांशी ज्वलनातून उत्पन्न होतात. एका घनमीटर हवेत अशा कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले. भारताने २००९ साली ठरविलेली मर्यादा ४० आहे. दिल्लीची सरासरी अलीकडच्या वर्षांत १०० च्या आसपास राहिली आहे. ज्याचे माप घेतले जाते तेच स्वच्छ केले जाते. म्हणून माप चुकले की झाडू चुकीच्या जागी फिरतो.

शेतातील आग

दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंजाब व हरियाणातील शेतांत भाताचे खुंट जाळले जातात आणि त्यांचा धूर दिल्लीवर येतो. शहरवासी त्याबद्दल शेतकऱ्यास दोष देतात. पण हाही प्रश्न एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकलेला आहे. भातशेतीमुळे पंजाबातील भूजल झपाट्याने खाली जाऊ लागले, तेव्हा २००९ साली दोन्ही राज्यांनी कायदे करून भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली. उन्हाळ्यातील पाणी वाचले, पण कापणीही पुढे गेली. भात कापणे व गहू पेरणे ह्यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. यंत्राने कापलेल्या शेतात उभे राहणारे खुंट एवढ्या वेळात काढण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे आगपेटीची काडी. पाण्याचा प्रश्न सोडविताना तो हवेत गेला. हरितक्रांतीपासून देशाच्या धान्यकोठारासाठी भात पिकविणाऱ्या शेतकऱ्याकडून आता एकट्याने ह्या बदलाचा भार उचलावा अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही. भाताऐवजी अन्य पिके घेणे त्यास परवडेल अशी हमी मिळणे हाच ह्यावरील खरा उपाय आहे. आणि तो दिल्ली महानगरपालिकेच्या हातचा नाही.

कचऱ्याचे डोंगर

दिल्लीच्या पूर्वेस गाझीपूर येथे १९८४ साली कचरा टाकण्यास प्रारंभ झाला. ती जागा २००२ साली भरली, असे ठरविण्यात आले होते. तथापि कचरा पडतच राहिला. २०१९ साली त्या ढिगाची उंची ६५ मीटरच्या घरात होती. कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये ढिगाचा एक भाग कोसळून शेजारच्या कालव्यात व रस्त्यावर आला आणि दोन माणसे मृत्युमुखी पडली. भलस्वा व ओखला येथे असेच आणखी दोन डोंगर उभे राहिले.

अशा ढिगाच्या पोटात काय चालते, हे समजून घेतले पाहिजे. दिल्लीत दररोज सुमारे ११,००० टन कचरा निघतो, व त्यातील निम्म्याच्या आसपास भाग भाजीपाल्याचे देठ, साली व उरलेले अन्न असा ओला असतो. हवा न मिळता तो कुजला की मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या काळाचा हिशेब केल्यास हा वायू वातावरण तापविण्याच्या कामी त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक प्रभावी ठरतो. उन्हाळ्यात ढीग पेटतात ते ह्याच वायूमुळे. पावसाचे पाणी ढिगातून झिरपताना धातू व विषारी द्रव्ये विरघळवून भूजलात नेते. म्हणजे जो कचरा घरात केवळ केर होता, तोच ढिगात धूर व विष झाला.

हा सर्व कचरा जाळून त्यापासून वीज करावी, ही कल्पना आकर्षक आहे. आणि ती नवी नाही. १९८७ साली तिमारपूर येथे डेन्मार्कच्या मदतीने रोज ३०० टन कचरा जाळणारे केंद्र उभारण्यात आले. ते थोडेच दिवस चालून बंद पडले. यंत्रात दोष नव्हता. ते ज्या कचऱ्यासाठी बनविले होते तो कचरा दिल्लीत नव्हता. युरोपातील केरात कागद व सुके वेष्टण अधिक असते. दिल्लीच्या केरात ओलावा व माती अधिक. शिवाय कागद, काच व धातू कचरावेचकांनी आधीच उचलून नेलेले असतात. उरलेला ओला केर जाळण्यास जेवढी उष्णता लागे, तेवढीही त्यातून निघेना. पुढे अशी केंद्रे पुन्हा उभारण्यात आली. २०१२ साली ओखला येथे सुरू झालेल्या केंद्राच्या धुराविरुद्ध शेजारच्या वस्तीने दीर्घकाळ लढा दिला. कचरा जळून नाहीसा होत नाही. त्याची राख होते व वायू होतो, आणि राखेलाही जागा लागते.

२०१९ पासून जुने ढीग उपसून, मोठ्या फिरत्या चाळण्यांतून चाळून माती, प्लास्टिक व दगड वेगळे करण्याचे काम चालू झाले. ते स्तुत्य आहे. पण येथेही दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. चाळून निघालेली माती कोठे जाते व तिच्यात कोणते धातू आहेत? आणि एका बाजूने ढीग उपसला जात असता दुसऱ्या बाजूने त्यावर ताजा केर का पडत राहिला? गळक्या होडीतील पाणी उपसणाऱ्याने आधी भोक बुजवावे लागते.

ते भोक प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात आहे. ओला, सुका व घरगुती घातक असा तीन प्रकारचा कचरा घरातच वेगळा करावा, असे २०१६ सालच्या नियमांनी सांगितले. वेगळा ठेवलेला ओला केर सहा-आठ आठवड्यांत खत होतो. सुक्यातील बहुतेक वस्तूंना बाजारात गिऱ्हाईक असते. दोन्ही एकत्र झाले की दोन्ही निरुपयोगी होतात. घरी हे काम करण्यास काही क्षण लागतात. ढिगावर तेच काम करण्यास यंत्रे, इंधन व कोट्यवधी रुपये लागतात, आणि तरीही ते पुरतेपणी होत नाही. कोणतीही गोष्ट मिसळणे सोपे व वेगळी करणे कठीण, हाही निसर्गाचाच नियम आहे. परंतु गृहिणीने वेगळा केलेला केर गाडीत पुन्हा एकत्र टाकला जात असेल, तर नियमाचा भंग तिने केला असे म्हणता येणार नाही.

बावीस किलोमीटर नदी

यमुनेची लांबी १,३७६ किलोमीटर आहे. त्यांपैकी वझिराबाद ते ओखला हा केवळ २२ किलोमीटरचा भाग दिल्लीच्या वस्तीतून जातो. आणि नदीतील एकंदर घाणीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग ह्या दोन टक्क्यांहूनही कमी लांबीत तिच्यात पडतो. १९९३ साली जपानच्या साहाय्याने यमुना कृती योजना सुरू झाली. शुद्धीकरण केंद्रे बांधली गेली. परंतु अनेक वसाहतींत मैलापाणी केंद्रापर्यंत नेणाऱ्या वाहिन्याच नव्हत्या; तेव्हा ते उघड्या नाल्यांतून सरळ नदीत जात राहिले. इमारत दिसते, तिचे उद्‌घाटन होते. जमिनीखालच्या नळाचे उद्‌घाटन कोणी करीत नाही.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नदीत पाणीच राहत नाही. वरच्या बाजूस हथनीकुंड येथे कालव्यांसाठी व वझिराबाद येथे पिण्यासाठी पाणी घेतल्यानंतर उन्हाळ्यात खाली वाहते ते मुख्यतः नाल्यांचे पाणी. वाहत्या पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूच्या बळावर सूक्ष्मजीव घाण पचवितात व नदी स्वतःस शुद्ध करते. घाण अति झाली व पाणी अत्यल्प झाले की प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि नदीचे पचन थांबते. तेव्हा नाले अडविणे जितके अगत्याचे, तितकेच नदीत काही पाणी राखणेही अगत्याचे आहे. शहराने पाण्याचा अपव्यय व गळती कमी केल्याखेरीज ते शिल्लक राहणार नाही. नदीची स्वच्छता अशा रीतीने घरातील नळापासून सुरू होते.

पूर्व कोलकात्याचा धडा

घाण नाहीशी होत नाही, पण ती उपयोगी पडू शकते. ह्याचे उत्तम उदाहरण भारतातच आहे. कोलकाता शहराचे बरेचसे मैलापाणी पूर्वेकडील दलदलीच्या प्रदेशात कालव्यांनी नेले जाते. तेथे उथळ तळ्यांत, ज्यांस बंगालीत भेडी म्हणतात, ते थोडथोडे सोडले जाते. उन्हाच्या योगाने शैवाल वाढते व प्राणवायू सोडते. त्या प्राणवायूवर जीवाणू घाणीचे विघटन करतात. शैवाल मासे खातात. आणि मासे शहर खाते. उरलेले पाणी भातशेतीस मिळते. ही पद्धती कोणा परदेशी तज्ज्ञाने आखली नाही. मच्छीमारांनी अनुभवाने ती सिद्ध केली. ध्रुवज्योती घोष ह्या अभियंत्याने तिचा शास्त्रीय अभ्यास करून तिचे महत्त्व जगापुढे मांडले. सुमारे १२,५०० हेक्टरांचा हा प्रदेश ऑगस्ट २००२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून नोंदला गेला.

प्रत्येक शहरास अशी भूमी व असे ऊन लाभत नाही, आणि कारखान्यांचे धातुयुक्त पाणी त्यात मिसळले तर ही व्यवस्थाही बिघडते. शिवाय जमिनीच्या वाढत्या किमतीमुळे ह्या तळ्यांवर इमारतींचे आक्रमण सतत होत असते. तरी तिच्यातील तत्त्व सर्वत्र लागू आहे. तेथे मैलापाणी कोठे जाते, ह्या प्रश्नास पूर्ण उत्तर आहे.

आक्षेप व उत्तर

ह्या विचारावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, इतका सूक्ष्म हिशेब श्रीमंत देशांना शोभतो. दरिद्री देशाने प्रथम डोळ्यांपुढची घाण हलवावी. परंतु तिमारपूरचे केंद्र, कॅनॉट प्लेसचा मनोरा व तीन डोंगर उपसण्याचा खर्च पाहता, हिशेब न करणेच दरिद्री देशास परवडत नाही असे म्हणावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वच्छतेसाठी कोणास तरी झळ सोसावीच लागते, असे म्हटले जाते. ते खरे आहे; पण झळ कोणास लागते हेही पाहिले पाहिजे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १६८ घातक कारखान्यांना दिल्लीतील काम बंद करावे लागले, आणि २००० साली निवासी भागांतील असंख्य लहान कारखान्यांवर तीच पाळी आली. हवेच्या दृष्टीने त्यात तथ्य होते. पण ज्या मजुरांची रोजी बुडाली त्यांच्यापैकी पुष्कळांना कारखान्याबरोबर जाता आले नाही. २००४ साली यमुनेच्या काठची पुश्ता वस्ती हटविण्यात आली व तेथील कित्येक कुटुंबांना शहराच्या टोकास, बवाना भागात, नेण्यात आले. काठ मोकळा झाला. नदी मात्र होती तशीच राहिली, कारण तिच्यातील बहुतेक मैला पक्क्या घरांतून नाल्यांवाटे येत होता. ज्याचा केर अधिक, ज्याची मोटार मोठी, ज्याच्या घरी पाणी अधिक खर्च होते, त्यास सवलत आणि ज्याचा वाटा थोडा त्यास स्थलांतर, अशी योजना शास्त्राच्या दृष्टीनेही चुकीची ठरते. कारण ती घाणीच्या उगमास हात लावीत नाही.

योजनेचे पहिले पान

येथवरच्या विवेचनावरून शासनाच्या कोणत्याही नगरस्वच्छता योजनेस विचारावयाचे चार प्रश्न निघतात. जी घाण येथून काढली जाईल, ती कोणत्या रूपाने व कोठे जाईल? शहराची वाढ हिशेबात धरल्यावर एकंदर घाण घटेल की वाढेल? योजनेची सीमा नगरपालिकेच्या नकाशावर आखली आहे की वारा व पाणी ज्या प्रदेशातून वाहतात त्यावर? आणि तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडेल? तिसऱ्या प्रश्नाची दखल घेऊन केंद्र शासनाने २०२१ साली राजधानी प्रदेश व लगतच्या राज्यांतील हवेसाठी कायद्याने एक आयोग नेमला, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. त्या आयोगाचे अधिकार कागदावर राहू नयेत, एवढे पाहणे अवश्य आहे.

ह्या चार प्रश्नांची उत्तरे आकड्यांसह योजनेच्या पहिल्याच पानावर छापली जावीत, आणि दर वर्षाअखेर त्यांचा ताळा जनतेपुढे ठेवला जावा. व्यापारी आपल्या दुकानाचा जमाखर्च लिहितो. नगराने आपल्या हवेचा, पाण्याचा व केराचा जमाखर्च लिहू नये ह्यास कारण नाही. असा ताळा मांडला गेला तर मनोऱ्यासारख्या योजना मंजुरीपूर्वीच गळून पडतील, आणि जमिनीखालच्या नळासारख्या न दिसणाऱ्या कामांना त्यांचे श्रेय मिळेल.

हा जमाखर्च मांडण्यास शासनाची वाट पाहावी लागते असेही नाही. कोणत्याही शाळेतील विद्यार्थ्यांनी आठवडाभर शाळेचा ओला व सुका केर निरनिराळा तोलावा, गाडी तो कोठे नेते हे पाठपुरावा करून पाहावे, आणि आलेले आकडे फळ्यावर लिहावेत. शाळेतून निघालेल्या प्रत्येक किलोचा शेवट त्यांस सांगता आला, तर त्या शाळेने स्वच्छतेचा धडा शिकला असे समजावे. सांगता आला नाही, तर जेथे त्यांचा माग हरवला तेथेच नगराच्या योजनेतील उणीव आहे, आणि तेथूनच नगरपालिकेस प्रश्न विचारण्यास आरंभ करावा.